लोणच्याच्या वासाच्या चिठ्ठ्या

डब्याचं झाकण काही केल्या निघेना. शेवटी मी गिरणीच्या उंबऱ्यावर बसले, डबा दोन गुडघ्यांत धरला आणि किल्लीच्या टोकानं उचकटला. आधी वास आला, मग आतल्या चिठ्ठ्या दिसल्या. कैरीच्या लोणच्याचा वास! तीस वर्षं झाली असतील. त्या डब्यात शेवटचं लोणचं होतं ते माझ्या बापाचं, कंपनीत दुपारच्या सुट्टीत खायचं. त्यानंतर त्यात नुसते कागद. पण ॲल्युमिनियमला एकदा खार लागला की तो मेलं तरी जात नाही, असं आई म्हणायची. खरं निघालं.

डबा सापडला आफ्रिनला. तिच्या अब्बांची ही पिठाची गिरणी, चितेगावात, पैठण रस्त्याला लागून. अब्बा गेले, आता तीच चालवते. तिचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. "अगे सुन, गिरनी पाडने वाले हैं अगले महिने. रस्ता बडा होरा ना. माळे पे से सामान उतारी तो तेरा डब्बा निकला. उस पे नाम नै था, पन बास से पैचानी मैं. आके लेके जा, नै तो भंगारवाले कू दे देती." मी म्हणाले, येते रविवारी. ती म्हणाली, "हौ, आ. और ताई कैसे हैं?" मी म्हणाले, तशाच आहेत.

ताई म्हणजे आमच्या ताई. याच गिरणीच्या मागच्या खोलीत त्यांनी आम्हाला वाचायला-लिहायला शिकवलं. म्हणजे खरं तर शिकवलंच नाही, ते पुढं सांगते. आता त्या शहरात, उस्मानपुऱ्यात, लेकीकडे असतात. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. पाय पुष्कळसा सुधारला. बोलणंही तुटक तुटक परत आलं. अक्षरं मात्र आली नाहीत. पेपर हातात धरतात, त्याच्याकडं बघतात आणि ठेवून देतात. अख्ख्या गावाची पोरं जिनं वाचती केली, तिला स्वतःचं नाव वाचता येईना. डॉक्टर म्हणाले, सराव करत राहा, येईलही परत, नाहीही येणार. तेव्हापासून दर रविवारी मी जाते. आणि जाऊन मी काय दिवे लावले, तेही पुढं येईलच.

उंबऱ्यावर बसले होते तेव्हा आत गिरणी चालू होती. भिंत थरथरत होती, अगदी तशीच. आमची खोली त्या भिंतीच्या पलीकडं. थंडीत आम्ही सगळे त्या भिंतीला गाल लावून बसायचो, कारण ती गरम असायची आणि गालात गुदगुल्या व्हायच्या. दळण कोणाचं आहे ते आम्हाला वासावरून कळायचं. ज्वारीचा वास साधा, घरच्यासारखा. हरभऱ्याच्या डाळीचा वास आला की आज कुणाच्या तरी घरी पाहुणे. आणि मिरची दळायचा दिवस असला की बघायलाच नको. ताईंसकट सगळे खोकत, डोळे पुसत बाहेर पळायचो आणि त्या दिवशीची शाळा कडुलिंबाखाली भरायची. मिरचीचा दिवस कधी येतो याची आम्ही वाट बघायचो.

ताई रोज शहरातून पैठणच्या यष्टीनं यायच्या. फाट्यावर उतरायच्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत लग्नपत्रिका. ओळखीपाळखीतल्या सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलेलं, लग्न झालं की पत्रिका टाकायची नाही, मला द्यायची. त्यामुळं लग्नसराई संपली की आमच्या शाळेची वर्षाची बेगमी व्हायची. पत्रिकेची कोरी बाजू कापून त्याच्या चिठ्ठ्या. कोपऱ्याला हळदी-कुंकवाचं बोट लागलेलं असायचं, ते तसंच राहायचं. गणपती आणि सातशे शहाऐंशी मात्र ताई कात्रीनं हळूच गोल कापून बाजूला काढायच्या आणि एका पाकिटात जपून ठेवायच्या. दोन्ही एकाच पाकिटात.

आणि मग शब्द मागायचा. आमच्या शाळेत एवढंच होतं. माठातलं पाणी प्यायचं, तोंड पुसायचं आणि ज्याला वाटेल त्यानं ताईंकडं जायचं. त्या चटईवर बसलेल्या असायच्या. त्यांच्या कानाशी तोंड न्यायचं आणि आपल्याला हवा तो शब्द कानात सांगायचा. ताईंच्या कानात मोत्याची कुडी होती आणि कानामागं खोबरेल तेलाचा वास. शब्द ऐकला की त्या मान हलवायच्या, हसायच्या नाहीत, 'हा कशाला?' असं विचारायच्या नाहीत, आणि चिठ्ठीवर काळ्या स्केचपेननं मोठ्या गोल अक्षरात लिहून द्यायच्या. आफ्रिननं पहिल्याच दिवशी मागितला 'बकरी'. गणपत नावाचा एक होता, त्यानं मागितला 'ट्रॅक्टर', आणि दुसऱ्या दिवशी आख्खं वाक्यच मागितलं, 'माझा मामा लबाड आहे'. ताईंनी डोळ्याचं पातं न लववता लिहून दिलं.

मिळालेली चिठ्ठी आपल्या डब्यात. डबा ज्याचा त्याचा. कुणाचा बिस्किटाचा, कुणाचा चहापत्तीचा. माझा बापाचा जुना जेवणाचा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या चिठ्ठ्या चटईवर एकत्र पसरायच्या आणि आपली आपण शोधून काढायची. सापडली तर ती कायमची आपली. नाही सापडली तर ताई ती उचलायच्या, कोपऱ्यातल्या टोपलीत टाकायच्या आणि म्हणायच्या, "जाऊ दे. तो अजून तुझा नव्हता." बस्स. ना रागावणं, ना समजावणं. कुणी रडलेलं मला आठवत नाही. शनिवारी टोपलीतल्या चिठ्ठ्या आफ्रिनच्या अब्बांच्या चुलीत जायच्या आणि त्यावर ताईंचा चहा व्हायचा.

आम्ही चिठ्ठ्या शोधायला बसलो की ताई खिडकीतून बाहेर बघत बसायच्या. पाठ आमच्याकडं, नजर रस्त्यावर. तेव्हा मला वाटायचं, यष्टीची वाट बघतात वाटतं.

आफ्रिनला एकदा प्रश्न पडला. तिला प्रश्न फार पडायचे. "ताई, तुमचा डबा कुठाय?"

"मला कशाला डबा?" ताई म्हणाल्या. "मला येतंय की वाचायला."

"फिर भी," आफ्रिन म्हणाली. आणि तिला काही ते पटलं नाही, हे तिच्या तोंडावर दिवसभर दिसत होतं.

आता माझं सांगते. मी शब्दच मागितला नाही. आखाडापासून पौषापर्यंत एकही नाही. सगळे मागायचे, सगळ्यांचे डबे भरत चालले, मी रोज रिकामा डबा न्यायचे आणि रिकामा आणायचे. चिंचोक्यांच्या रांगा लावायचे. खिडकीच्या कट्ट्यावर पिठाचा थर बसलेला असायचा, त्यात बोटानं रेघा ओढायचे, हातानं पुसायचे, पुन्हा ओढायचे. का मागत नव्हते, ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आताही सांगता येणार नाही. तोंडाशी काही यायचंच नाही. ताई मला कधी काही म्हणाल्या नाहीत. पण आईला कुठला धीर! एक दिवस ती डोक्यावर दळणाचा डबा घेऊन गिरणीवर आली आणि थेट मागच्या खोलीत. मी दाराआड उभी, केसांत पीठ.

"ताई, आमची पोरगी काय शिकायलीय?"

"चिंचोके लावते छान. काल खोलीभर नागमोडी रांग लावली होती."

"चिंचोके घरीबी हायेत की."

ताई हसल्या. "मागेल हो ती. पोराला भूक लागली की मागतं ना? तसं."

"आमची भूक लागली तरी मागत नाय. लई हट्टी. बापावर गेलीय."

"मग हट्टानं मागेल."

"संक्रांतीपस्तोर बघते," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा, उलट खाली आला होता. "नाय तर त्या पलीकडल्या टाय-बुटाच्या शाळेत घालते. तिथली पोरं पाढे म्हणायलीत, ताई. मला वाचता येत नाय. हिला तरी यावं, दुसरं काय."

मी हादरले. टाय-बुटाच्या शाळेला दार होतं आणि त्याला बाहेरून कडी होती, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. दुसऱ्या दिवशी धावत ताईंच्या कानाशी गेले, काहीतरी, काहीही मागू म्हणून. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कुडी डोळ्यांसमोर, तेलाचा वास नाकात आणि शब्द नाहीच. ताईंनी पाठीवर हात ठेवला. "नसेल तर नको. उद्या आहेच की." मला वाटलं होतं, त्या घाबरतील. त्या माझ्यापेक्षा मोठ्या होत्या, त्यांना संक्रांत कधी आहे ते माहीत होतं. पण त्यांचा हात अगदी रोजच्यासारखाच होता.

आमच्या घरापर्यंत कंपनीचा भोंगा ऐकू यायचा. दिवसातून तीनदा. पहिल्या भोंग्याला बाप निघायचा, तिसऱ्याला आई चहा टाकायची. भोंग्यावर आमचं घर चालायचं, घड्याळ नव्हतंच. त्या पौषात एक दिवस भोंगा झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाप भर दुपारी घरात बसून खाटेची सुतळी आवळत होता. आई त्याच्याशी बोलत नव्हती, तो आईशी बोलत नव्हता. कंपनी का बंद होती, किती दिवस बंद होती, ते मी पुढं कधी विचारलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की गावात फार शांत शांत होतं आणि लांबच्या शेतातलं इंजिनसुद्धा ऐकू येत होतं.

त्या सकाळी मी पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि ताईंच्या कानात सांगितलं, "भोंगा."

ताईंनी मान हलवली. लिहून दिला. मोठा, काळा, गोल. मी तो डब्यात ठेवला आणि झाकण लावून डबा दिवसभर मांडीवर घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस चिठ्ठ्यांतून तो मला लांबूनच दिसला. मी झडपच घातली. आफ्रिन ओरडली, "इसकू मिला!" आणि ताई खिडकीतून वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, मिरची दळतायत वाटतं. त्या दिवशी दळण ज्वारीचं होतं.

चिठ्ठी घेऊन मी पळत घरी गेले. आईनं ती हातात घेतली, उलटी. "यात भोंगा हाय?"

"व्हय."

तिनं ती कानाला लावली. "वाजत नाय की गं!"

आणि हसली. त्या आठवड्यात आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. खाटेवरून बापही हसला. टाय-बुटाचं नाव मग कुणी काढलं नाही. त्यानंतर मला आवरणं मुश्कील झालं. खाट, सुतळी, इंजिन, आई, लोणचं, रविवार, मामी, विंचू. जत्रेला जाऊन आले की पाच-पाच शब्द मागायचे. माझ्या सगळ्या चिठ्ठ्यांना तेलाचे डाग पडायचे आणि वास यायचा, म्हणून चटईवर माझी चिठ्ठी आंधळ्यालाही सापडेल असं गणपत म्हणायचा. मी त्याच्याशी भांडायचे. मी वाचूनच शोधत होते, देवाशपथ.

पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले, मग शहरात. डबा गिरणीतच मागं राहिला. खोली कधी बंद झाली, ताईंनी येणं कधी थांबवलं, मला धड सांगता येत नाही. आता मी एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसते. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर लावते. कुणाचंही कसलंही गचाळ अक्षर माझ्यापुढं टाका, मी वाचून दाखवीन. याचा मला जरा तोराच आहे.

त्या तोऱ्यातच मी माती खाल्ली. ताई आजारी पडल्या तेव्हा त्यांची लेक वैशाली गांगरून गेली होती. मी म्हणाले, तू काळजी करू नको, मी बघते. आणि गुलमंडीच्या बाजारात जाऊन रंगीत तक्ता घेऊन आले. अ अननसाचा, आ आईचा. ज्या बाईनं जन्मात असला तक्ता भिंतीला लागू दिला नाही, तिच्याच पलंगासमोर मी तो लावला. हातात पट्टी घेतली. "ताई, हे काय? बघा ना. हे काय?" दोन रविवार त्यांनी बिचाऱ्यांनी बघितलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. आणि मी चक्क रागावले. "असं कसं चालेल, ताई? थोडा प्रयत्न नको का करायला?" खोलीत माझाच आवाज मोठा झाला होता. वैशाली दारात ताट घेऊन उभी होती, ती तशीच मागं गेली. टाय-बुटाच्या शाळेची कडी आपण आपल्या हातानं घातली, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं. आठवडाभर घास गोड लागला नाही. तरी पुढच्या रविवारी तक्ता काढायचं धाडस झालं नाही. काढला तर मग दुसरं काय करायचं, हेच सुचत नव्हतं.

म्हणून त्या दिवशी गिरणीच्या उंबऱ्यावर डबा उघडला आणि तो वास आला, तेव्हा मी आफ्रिनसमोर भडाभडा रडले. ती दळण सोडून बाहेर आली, पांढरी फटक, पिठानं माखलेली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तक्ता लगाई तू? ताई कू? अगे, तेरे कू अक्कल है क्या?" आणि पदरानं माझे डोळे पुसले. तोंडभर पीठ लागलं ते वेगळंच. "जा. डब्बा लेके सीधा उनके पास जा. कुछ बोलना नक्को."

गेले. तक्ता काढून गुंडाळून पलंगाखाली सरकवला. ताई भिंतीकडंच बघत होत्या. मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि झाकण काढलं.

ताईंनी मान वळवली. खाली वाकल्या. नाक पार डब्यात घातलं आणि डोळे मिटले. मग डाव्या हातानं एकेक चिठ्ठी काढायला लागल्या. त्यांच्याच अक्षरातल्या. अंगठा फिरवायच्या, उलटी करून हळदीचा डाग बघायच्या, पुन्हा सुलटी करायच्या. वाचता येत नव्हतं, ते कळत होतं. सांगून टाकावं असं माझ्या जिभेवर आलं होतं, 'ताई, हा भोंगा, हा विंचू'. दातांखाली जीभ धरून बसले.

आणि मग त्यांनी डाव्या हातानं माझा कान धरला. चांगला पिरगळूनच धरला. मला खाली ओढलं. त्यांच्या ओठांचा वारा कानाला लागला. "लो…" मग थांबल्या. मी हललेसुद्धा नाही. "लो…णचं."

हसू येत होतं, रडूही येत होतं. पण हसायचं नाही, विचारायचं नाही. मी मान हलवली. चिठ्ठीला कागद हवा म्हणून स्वयंपाकघरात धावले, फ्रिजला एक पत्रिका लावलेली होती ती ओढली.

"अगं, ते लग्न व्हायचंय अजून!" वैशाली ओरडली.

"तारीख पाठ आहे ना तुला?"

गणपती कापून बाजूला ठेवला. काळ्या पेननं मोठ्ठं लिहिलं. माझं अक्षर ताईंसारखं गोल नाही, औषधाच्या पुड्यांवर 'सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर' लिहून लिहून ते वाकडं झालंय. तरी जमेल तेवढं गोल काढलं. ताईंनी चिठ्ठी हातात घेतली आणि उशीखाली ठेवली.

पुढच्या रविवारी तयारीनं गेले. माझे चार जुने शब्द त्याच पत्रिकेच्या कागदावर लिहून नेले, म्हणजे नुसत्या कागदावरून ओळखायला नको. उशीखालची धरून पाची चिठ्ठ्या चादरीवर पसरल्या. ताईंचं बोट 'खाटे'वर गेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. बोट सरकलं. पुन्हा माझ्याकडं. 'विंचू'. पुन्हा माझ्याकडं. 'लोणच्या'वर बोट आलं आणि ते तिथंच थांबलं. "अय्या, ताई!" मी टाळीच वाजवली.

ताईंना काही आनंद झाला नाही. त्यांनी ती चिठ्ठी उचलली, खोलीत इकडंतिकडं बघितलं, टोपली नव्हती, कचऱ्याचा डबा होता. त्यात टाकली. "जाऊ दे," म्हणाल्या. स्वच्छ, न अडखळता. आजारपणानंतर इतकं स्वच्छ त्या पहिल्यांदाच काही बोलल्या असतील.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? घरी जाताना रिक्षात फुगून बसले होते. बरोबर आलेलं टाकून द्यायचं म्हणजे काय? क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली आणि मला एकदम ताईंची पाठ दिसली. खिडकीकडं तोंड करून बसलेली. यष्टीची वाट बघत नव्हत्याच त्या कधी. आम्ही चिठ्ठी सोडून त्यांचं तोंड वाचू नये म्हणून त्या बाहेर बघायच्या. त्या रविवारी ताईंनी माझी भुवई वाचली होती, आणि ते त्यांना कळलं होतं. मला तीस वर्षांनी कळलं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी पुन्हा माझा कान ओढला. पुन्हा तोच शब्द. मी पुन्हा लिहून दिला.

चौथ्या रविवारी चिठ्ठ्या पसरल्या, उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. पाठ ताईंकडं. समोरच्या गच्चीवर एक बाई जुन्या साडीवर कुरडया घालत होती. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. मागं चादरीची खसखस. आत वैशालीनं नळ बंद केला, तीही कान देऊन उभी असणार. अकरा, बारा. मला वळावंसं वाटत होतं. दाराआडची ती पिठानं माखलेली पोर 'भोंगा' शोधत होती, तेव्हा ताई अशाच पाठ करून बसल्या होत्या! आईनं संक्रांतीची मुदत घातलेली ठाऊक असून! आणि त्या मागं वळून बघत नव्हत्या. एकोणीस, वीस. सूर्य डोळ्यांवर आला होता. एकवीस.

"लोणचं."

मी वळले. ताईंच्या हातात चिठ्ठी होती. सुलटी. त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या, चिठ्ठीकडं बघत होत्या. "लोणचं," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि त्या एका शब्दावरून बोट हळूहळू फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

वैशाली धावत आली. डोळे पुसत होती आणि रागावतही होती. "बीपीला बंद आहे गं लोणचं तिचं. एकच फोड हं, आई. एकच." वाटीत एक फोड आली. ताईंनी ती तोंडात धरली आणि त्यांचं अख्खं तोंड आक्रसलं, आणि मग त्या हसल्या. एका बाजूनं हसल्या, दुसरी बाजू अजून येत नाही. मी तर हुंदके देत होते. लाज कसली त्यात?

मी माझा डबा उघडून त्यांच्यापुढं धरला, चिठ्ठी ठेवायला. ताईंनी डबा डाव्या हातानं दूर सारला. माझ्याकडं बघितलं. ओठ हलले, थांबले. मी थांबले. वैशाली काहीतरी सुचवायला गेली, मी तिचा हात दाबला.

"माझा," ताई म्हणाल्या. "माझा… डबा?"

वैशाली स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, काहीतरी पडलं. ती एक पत्र्याचा डबा घेऊन आली, हिंगाचा. हिंग तिनं वाटीत ओतलं होतं, खोलीभर वास सुटला होता. मी डबा पुसायला ओढणीचं टोक लावलं, तर ताईंनी नको म्हणून मान हलवली. मग तसाच दिला. त्यांनी चिठ्ठी आत ठेवली, झाकण लावलं, डबा मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं माझा कान धरला.